तारांखालची झाडं

गुरुवारी सकाळी पाहतो तर मी सोमवारी उपटून फेकलेलं झाड परत जागेवर उभं. अगदी ताठ नव्हे. शेंडा एका बाजूला कललेला, खालची पानं पिवळी पडलेली, पण मुळाशी माती नीट दाबलेली होती. भोवती हातानं केलेलं आळं, आळ्यात ओल, आणि आधाराला रोवलेली काठी. काठीला झाड बांधलं होतं कापडाच्या पट्टीनं, फार घट्ट नाही, फार सैल नाही. पट्टीवर बारीक निळी फुलं होती. थोड्या अंतरावर दुसरंही तसंच उभं होतं, तसंच बांधलेलं. ही दोन्ही झाडं मी माझ्या हातांनी उपटली होती, मुळं आभाळाकडे करून पलीकडच्या चरात फेकली होती आणि हात झटकून निघून गेलो होतो. मी आधी मागे पाहिलं, मग ओढ्याकडे, मग उगाचच वर तारांकडे. डोक्यावर तारा नेहमीसारख्या गुणगुणत होत्या. मला माहीत नसलेलं कुणीतरी इथे येत होतं, आणि ते कुणीतरी माझी झाडं चोरत नव्हतं, मोडत नव्हतं, पोलिसांना सांगत नव्हतं. ते त्यांना जगवत होतं. यानंच मला जास्त भीती वाटली. चोराचं एक बरं असतं, त्याला काय हवंय ते आपल्याला कळतं.

माझं काम तारांखालून चालण्याचं. विजेच्या मोठ्या तारा शहराबाहेरून जातात, त्यांच्याखाली रुंद पट्टी मोकळी ठेवावी लागते. तिथे घर नको, गोठा नको, झाड नको. कंबरेच्या वर काही वाढलेलं दिसलं की मी कळवायचं, मग छाटणीची टोळी येऊन ते साफ करणार, असा नियम. वर्षानुवर्षं मी कळवत आलो. झुडपं कळवली, वेली कळवल्या, एकदा एका म्हातारीनं टॉवरच्या पायावर चढवलेला भोपळ्याचा वेलसुद्धा कळवला. तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मी खाली मान घालून ऐकलं आणि ऑफिसात जाऊन कळवलं. मग ओढ्याजवळच्या टॉवरपाशी, खोलगट जागेत, उंच गवताआड एक गांजाचं झाड आपसूक आलेलं दिसलं. कुणाच्या खिशातून बी पडलं असेल, पाखरानं टाकलं असेल. ते चांगलं माझ्या खांद्याला लागत होतं. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो आणि ऑफिसात त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. का नाही काढला, हे आजही मला धड सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कंबरेच्या वर गेलेलं काहीतरी मी तसंच राहू दिलं, आणि त्या दिवशी घरी जाताना मला उगाच शीळ घालावीशी वाटली.

पुढच्या वर्षी मी स्वतः बी टाकलं. ओळ दिसू नये म्हणून वेडंवाकडं, गवतात विखरून. ओढतो म्हणाल तर एकदाच ओढून पाहिलं. खोकून खोकून डोळ्यांना पाणी आलं आणि नंतर कितीतरी वेळ साहेब मला हाका मारताहेत असं वाटत राहिलं. विकायचं तर कुणाला? मला साधी जुनी सायकल विकता आली नव्हती. चोरी जमली पण बाजार जमला नाही, आणि गेल्या वर्षीचं सगळं पीक मी ओढ्यात सोडून दिलं. कायद्याला हे सांगून उपयोग नाही. कायदा झाड बघतो. लावणारा ओढतो की विकतो की नुसता बघत बसतो, याची चौकशी करत नाही. पकडलो तर नोकरी जाईल, आत जावं लागेल, चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि सोमवारी नि गुरुवारी त्या टॉवरच्या वाटेवर माझे पाय जरा भरभर पडतात, हेही ठाऊक होतं. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. नर फुलायच्या आत उपटला नाही तर त्याची धूळ उडून माद्यांच्या तुऱ्यांत नुसतं बी भरतं आणि पीक वाया जातं. म्हणून नर ओळखू आला की उपटायचा, एवढं मी शिकलो होतो. पीक ओढ्यात सोडणाऱ्याला ते वाया गेलं काय नि न गेलं काय, पण काम करायचं तर रीतीनं, ही माझी खोड. म्हणजे ज्यानं हे नर परत लावले त्याला यातलं काही कळत नव्हतं. तो या धंद्यातला नव्हता. पोलीसही नव्हता, पोलीस झाडाला आळं करून पाणी घालत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी त्या झाडांशी बोलतो. मोठ्यानं. ऑफिसात मला मौनीबाबा म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. साहेबांनी विचारलं तर हो किंवा नाही, बाकी मानेनं भागवतो. घरीही तेच. लोकांना वाटतं, नवराबायको बोलत नाहीत म्हणजे काहीतरी घडलं असणार, भांडण, संशय, पैसा. आमचं काही घडलं नाही. लेक घरात होती तोवर आम्ही तिच्यामार्फत बोलायचो. तुझ्या बाबांना सांग, दिवा गेलाय. तुझ्या आईला सांग, उद्या बसवतो. दोघंही एकाच टेबलाशी बसलेले. लेक एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची आणि म्हणायची, ऐकलंत ना, की मी परत म्हणू? मग आम्ही तिघंही हसायचो. हा घरातला खेळच होता. पुढे तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, ती गेली, आणि सांगणारीच गेल्यावर सांगणंही बंद पडलं. पहिले काही दिवस आम्ही दोघं अवघडून एकमेकांकडे पाहायचो, कुणीतरी सुरुवात करावी म्हणून. मग ते पाहणंही संपलं. आता जेवायला वाढलंय आणि दार लावून घे, एवढ्यावर आमचा संसार बिनबोभाट चालतो. टॉवरपाशी मात्र माझं तोंड सुटतं. डोक्यावर तारांचा आवाज असतो, माणूस नसतो, आणि झाडं मध्येच उठून जात नाहीत. मी त्यांना साहेबांबद्दल सांगतो, गुडघ्याबद्दल सांगतो, मला पडलेली स्वप्नं सांगतो. परत लावलेल्या त्या झाडापुढेही मी शेवटी मोठ्यानं विचारलं, कोण आहे? मग मी ते झाड पुन्हा उपटायला हात घातला आणि काढून घेतला. इतक्या मायेनं बांधलेली गाठ सोडायची माझी छाती झाली नाही.

दिवसभर मी एकेकाला मनात त्या खोलगट जागेत उभं करून पाहिलं. छाटणी टोळीचा मुकादम, जो बोलताना नेहमी आपल्या खांद्यावरून पलीकडे बघतो. ओढ्यापलीकडे गवत कापणारा. आमच्या जिन्यातला रिटायर्ड मास्तर, ज्याला दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. पण यातल्या कुणाच्याही हाताला ती गाठ शोभेना. ती गाठ शिवणटिपण करणाऱ्या हातांची होती, आणि माझ्या ओळखीत तसे हात कुणाचे आहेत हे मला आठवेना. मला आठवेना, हे आता लिहिताना मला लाज वाटते.

शुक्रवारी ऑफिसात पाऊल टाकलं तर सगळे साहेबांच्या टेबलाभोवती गोळा झालेले. मंगळवारी, मी लाइनीच्या दुसऱ्या टोकाला होतो तेव्हा, सुरक्षेच्या माणसानं ओढ्याजवळच्या टॉवरवर कॅमेरा लावला होता. हल्ली लोखंडचोर टॉवरच्या पायांच्या आडव्या पट्ट्या काढून नेतात, आणि तिथे गवतात नवी पायवाट पडल्याचं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. समोर काही हललं की तो कॅमेरा आपला आपण फोटो घेतो. त्याचं कार्ड आज काढून आणलं होतं आणि साहेब शेवटच्या फोटोपासून सुरुवात करून एकेक मागचा फोटो बघत होते. आता झाडं दिसणार, म्हणून मी मुकाट्यानं पुढे सरकलो. पण कॅमेऱ्याचं तोंड टॉवरच्या पायांकडे आणि पायवाटेकडे होतं, खोलगट जागा त्याच्या कक्षेबाहेर होती, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत कळलं. एक कुत्रा. हलणारं गवत. मग मी स्वतः, वर तारांकडे बघत चाललेला. सगळे हसले. सुरक्षेवाला म्हणाला, सापडला बघा चोर, मौनीबाबाच निघाले. मीही हसलो. माझं तिथे असणं हे माझं कामच होतं. आणि त्याच्या आदल्या दिवशीच्या फोटोत एक बाई होती.

पाठमोरी. अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत एकेक प्लास्टिकचा कॅन. पुढच्या फोटोत तिनं कॅन खाली ठेवले होते आणि एक हात कंबरेवर टेकून ती मान कलती करून उभी होती, लांबून कुणी हाक मारतंय का ते ऐकत असावी तशी. चेहरा कुठेच दिसत नव्हता. एका कॅनची मूठ तुटलेली होती आणि तिच्या जागी दोर बांधलेला होता. तो दोर मी बांधला होता. गेल्या हिवाळ्यात, आमच्या स्वयंपाकघरात, ती बाजूला उभी असताना, एक शब्दही न बोलता. साहेब म्हणत होते, डब्यात तेल असणार, नटबोल्ट सैल करायला तेल लागतं, आत्ता येऊन अंदाज घेत असेल, मागाहून पुरुष येतील. सुरक्षेवाला म्हणाला, बाई मंगळवारी, बुधवारी, दोन्ही दिवस दुपारीच आली होती. साहेब माझ्याकडे वळले. तुमचा भाग आहे, म्हणाले, तुम्ही पाहिलीत का हो ही बाई कधी? मी नाही म्हणालो. अगदी सहज म्हणालो. आणि आतून कुणीतरी मला म्हणालं, खरंच आहे की, तू तिला कधी पाहिलंस?

त्यांचं ठरत होतं. उद्या जरा आधीच जाऊन दबा धरायचा, चौकीतला एक हवालदारही बरोबर घ्यायचा, बाई आली की धरायची. माझं तिकडे लक्ष नव्हतं. साहेबांनी बोलता बोलता फोटो परत सुरुवातीकडे नेले होते आणि माझा, गुरुवारचा, तो हसण्यावारी गेलेला फोटो परत पडद्यावर आला होता. मी पुढे, वर बघत चाललेला. मागे टॉवरचा पाय, त्याचा सिमेंटचा चौथरा. आणि चौथऱ्याच्या कडेला, नीट पाहिलं तरच दिसेल असं, स्वेटरमधलं एक कोपर. ते कोपर दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. म्हणजे त्या दिवशी ती पायवाट सोडून ओढ्याच्या बाजूनं आली होती आणि मी येण्याआधीच तिथे बसलेली होती. मी कोण आहे म्हणून विचारलं तेव्हा ती हाकेच्या अंतरावर होती. मग सोमवारीही होती; मी नर उपटताना तिनं पाहिलं आणि मी गेल्याबरोबर चरातून उचलून ते परत लावले. मग त्याच्या आधीही? किती आधी? मी तिथे काय काय बोललो होतो ते आठवू लागलो, आणि जे आठवायला नको तेच आधी आठवलं. मी म्हणालो होतो, घरी गेलं की मला कुणाच्यातरी घरी पाहुणा गेल्यासारखं वाटतं. आपलं काम आटोपून कधी निघता येईल असं होतं. मी म्हणालो होतो, लेकीनं नोकरी सोडली, ऑफिसात मला फोन करून रडली, आईला सांगू नका म्हणाली. हे मी झाडांना सांगितलं होतं. झाडं कुणाला सांगणार, म्हणून.

शुक्रवारची संध्याकाळ मी जन्मात विसरणार नाही. मला एकच वाक्य बोलायचं होतं. उद्या तिथे जाऊ नकोस. चार शब्द. ते बोललो नाही तर उद्या दुपारी माझी बायको पोलिसांच्या हातात सापडणार होती, माझ्या झाडांपाशी, माझ्या पापासाठी. ती ताटं मांडत होती. मी तोंड उघडलं. तिनं वाढलं आणि माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, मीठ. तिनं मीठ पुढे सरकवलं. मी तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती, घासून घासून काढली तरी राहते तशी बारीक काळी रेघ. ही रेघ किती दिवस माझ्या ताटाजवळ येत होती? मला वाटलं, आधी तिनं काहीतरी बोलावं. तिनं म्हणावं, अहो, मी तुमचं ऐकलं. मग मला सोपं गेलं असतं. ती बोलली नाही. तीही वाटच बघत होती की काय? एक वाक्य बोलायचं म्हणजे त्याच्यामागचं सगळं बोलावं लागणार होतं. कुठे जाऊ नको? तुम्हाला कसं कळलं? ती झाडं कसली? तुम्ही तिथे काय बोलता? आणि मी इथे कोण, पाहुणचार करणारी? मला ते वाक्य दारासारखं वाटू लागलं, उघडलं की सगळं घर अंगावर येईल असं. भांडी घासली गेली. दिवे मालवले गेले. उशीवर डोकं टेकलं तेव्हा अभ्रा नवा होता. जुना कुठे गेला, हे विचारायची गरज नव्हती. तिच्या उशीवर त्याच जोडीतला दुसरा होता, त्यावर बारीक निळी फुलं होती. त्या फुलांवर मी वर्षानुवर्षं झोपलो होतो आणि झाडाला बांधलेली पाहून मला ओळखू आली नव्हती. मी भिंतीकडे तोंड केलं. सकाळी सांगू, असं मी स्वतःला सांगितलं, आणि भित्र्या माणसाला सकाळ म्हणजे फार मोठा आधार असतो.

सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी घरातून निघालो. पळालो म्हटलं तरी चालेल. नवा विचार सुचला होता, त्यात बोलावं लागत नव्हतं. सगळे यायच्या आत सगळी झाडं उपटून ओढ्यात टाकायची. ती येईल, तर तिच्या हातात फक्त पाण्याचे कॅन असतील. पाणी नेणं हा काही गुन्हा नाही. टॉवरपाशी मी कॅमेऱ्याकडे बघून उगाच घड्याळ पाहिल्यासारखं केलं आणि खोलगट जागेत उतरलो. उपटायला लागलो. जमीन घट्ट होती, मुळं खोल गेली होती, आणि एकेक झाड सोडता सोडत नव्हतं. हाताला तो चिकट उग्र वास बसला. त्या दिवशी मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. दोन्ही नर फुलले होते. हात लावताच पिवळी धूळ उडाली आणि माझ्या बाहीवर बसली. म्हणजे पीक आधीच गेलं होतं, तिच्या मायेनं गेलं होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी घामानं निथळत होतो, निम्मी झाडं अजून उभी होती, आणि मागून आवाज आला.

"डबा विसरलात."

ती वर, गवताच्या कडेला उभी होती. हातात माझा डबा. आज कॅन नव्हते. इतक्या वर्षांत मी डबा कधी विसरलो नव्हतो, म्हणून ती दुपारची वाट न बघता आली होती. मी हातात उपटलेलं झाड धरून उभा होतो, आणि जे काल चार तासांत बोलता आलं नाही ते एका दमात तोंडातून निघालं. कॅमेरा आहे, तुझे फोटो निघाले आहेत, साहेब येताहेत, हवालदार येतोय, तू जा, ओढ्याच्या बाजूनं जा. तिनं ऐकून घेतलं. ती खाली उतरली, डबा दगडावर ठेवला आणि माझ्या शेजारच्या झाडाला हात घातला. मी म्हटलं, अगं, हे काय आहे ते ठाऊक आहे का तुला?

"न कळायला काय झालं? पोरांच्या शर्टांवर छापलेलं असतं हे पान." तिनं झाड ओढलं, ते निघालं नाही. "मला वाटलं होतं, दुसरी कुणी बाई असेल. म्हणून मागे आले एकदा. पाहते तर झाडं. घरी जाऊन हसले मी. मग परत आले."

मी विचारलं, परत कशाला आलीस. ती झाडाशी झटत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकायला. तुमचा आवाज विसरले होते." ती म्हणाली, लेकीला मी फोन केला त्याच दिवशी, ती बरी आहे, दुसरी नोकरी मिळतेय, काळजी करू नका. जेवायला वाढलंय म्हणावं इतक्या साध्या सुरात म्हणाली. आणि पाहुण्याचं? तेही ऐकलं असणार. ते मी विचारलं नाही, तिनं काढलं नाही. आम्ही दोघंही उपटत राहिलो. मध्येच तिनं त्या बांधलेल्या दोन झाडांकडे पाहिलं आणि म्हणाली, ही चांगली होती, तरी तुम्ही उपटून टाकलीत, मला वाईट वाटलं, म्हणून परत लावली. मी तिला सांगितलं की ते नर आहेत आणि नर ठेवायचे नसतात, उपटून टाकायचे असतात.

ती थांबली. "मग तुम्ही कसे राहिलात?"

आणि ती हसली. पदार्थ करपत असताना, कुणी दारात उभं असताना, कशाचीही पर्वा न करता ती पूर्वी हसायची तशी, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मलाही आवरेना. तारांखाली, उपटलेल्या झाडांच्या ढिगापाशी, दोन प्रौढ माणसं मातीच्या हातांनी डोळे पुशीत हसत होती, आणि माझ्या मनात आलं, हे सगळं घरी, त्या टेबलाशी, काय हरकत होती? तेवढ्यात वरच्या रस्त्याला जीपचा आवाज आला. तिचं हसू थांबलं. मी म्हटलं, जा. तिनं मान हलवली. मी तिच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, ऐक, फोटोत तुझं तोंड नाही, पण हाच स्वेटर आहे, ते तुला ओळखणार, मी सांगेन ते फक्त मान्य कर, मला आत जावंच लागणार आहे, तू आत गेलीस तर लेकीनं कुणाच्या दारात जायचं? लेकीचं नाव काढलं तेव्हा ती सैल पडली. झाडं अजून उभी होती. लपवायला वेळही नव्हता, जागाही नव्हती.

साहेब पुढे होते, मागे सुरक्षेवाला, त्याच्या मागे हवालदार. साहेबांनी आधी मला पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं असावं, मी त्यांच्या आधी येऊन चोर धरला असं वाटलं असावं. मग त्यांनी ढीग पाहिला. मग माझे हात. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळा रंग एकदम उतरला आणि ते माझ्यापेक्षा जास्त म्हातारे दिसू लागले. मी बोलायला सुरुवात केली. झाडं माझी आहेत, म्हणालो. मी लावली, मी वाढवली, यात दुसरं कुणी नाही. ही माझी बायको. मीच तिला सांगितलं होतं की ऑफिसनं इथे झाडं लावली आहेत, ती जगली पाहिजेत, दुपारी पाणी घालत जा. ती बिचारी घालायची. आज डबा द्यायला आली. तिला यातलं काहीही माहीत नाही. मी इतकं बोललो की सुरक्षेवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या तोंडून एवढी वाक्यं ऐकली नव्हती. हवालदार तरुण नव्हता, घाईतही नव्हता. त्यानं एक पान खुडलं, हुंगलं आणि तिच्याकडे वळला.

"बाई, हे म्हणतात ते खरं? तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं?"

ती खोटं बोलत नाही. लग्नानंतर माझ्या आईनं विचारलं होतं, स्वयंपाक येतो का, तर ही सगळ्यांसमोर नाही म्हणाली होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं, पाहिलं असतं तर तिला जमलं नसतं. वारा पडला होता. तिनं हातांची माती स्वेटरला पुसली, खूप वेळ पुसत राहिली.

"मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. "हे घरात काही बोलतच नाहीत."

कुणालाच शंका आली नाही. साहेबांनी मान हलवली, सुरक्षेवाल्यानं हलवली. मौनीबाबाच ते, घरी तरी काय बोलणार. हवालदार तिला म्हणाला, तुम्ही घरी जा बाई, लागलं तर बोलावू. ती सुटली. मला तिला खूप सांगायचं होतं. मला म्हणायचं होतं की मी आता बोलतो, उद्यापासून नाही, आत्तापासून, विचार काय विचारायचं ते. पण त्यांच्यादेखत मी तिच्याशी एक शब्द जरी बोललो असतो तरी तिचं खोटं उघडं पडलं असतं. मी तोंड मिटून जीपमध्ये जाऊन बसलो. ती गवताच्या कडेला उभी राहून, मान जराशी कलती करून, आमच्याकडे बघत होती.